फुटपाथवर सायकल: घंटी वाजवावी, हाक मारावी की सरळ उतरून चालावं?

दोनचाकी
आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांचा वेळ वाचेल. मी फुटपाथवरून सायकल चालवतो. सगळीकडे नाही. पण कामावर जाताना सातशे-आठशे मीटरचा एक तुकडा असा लागतो की तिथे रस्त्यावर उतरायची माझी छाती होत नाही. रस्ता अरुंद, अवजड वाहनं कोपराला वारा घालत जातात आणि मधूनच कुणीतरी उभ्या गाडीचं दार उघडतं. तेवढ्यापुरता मी फुटपाथवर चढतो.

परवा पुढे एक काकू चालल्या होत्या, फुटपाथच्या उजव्या अंगाने. डावीकडे भरपूर जागा होती. म्हटलं तिथून काढू. चारेक मीटरवर आल्यावर सभ्यपणे, एकदाच, घंटी वाजवली. काकू दचकल्या, मान वळवली आणि नेमक्या डावीकडेच आल्या. मी ब्रेक दाबून हँडल फिरवलं आणि काटेरी कुंपणात जाऊन बसलो. काकूंना खरचटलंही नाही, पण हात थरथरत होते त्यांचे. वर मला म्हणाल्या, "अंगावर घालतोस आणि घंटी कसली वाजवतोस?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मला वाटत होतं घंटी वाजवणं म्हणजे शिष्टाचार. त्यांच्या दृष्टीने तो उद्धटपणा होता. तर प्रश्न असा: चालणाऱ्याला ओलांडून पुढे जायची बरी रीत कोणती? घंटी, हाक, की मुकाट मागे राहणं? आणि हो, 'तू तिथे असूच नयेस' हे उत्तरही ऐकायची तयारी आहे.

पायवाट
तू तिथे असूच नयेस.

पायवाट
(वरचं गमतीत घेऊ नये. सविस्तर लिहितो.) फुटपाथ या शब्दातच पाय आहे. चालणाऱ्या माणसाला अख्ख्या रस्त्यात ही एकच पट्टी मिळालेली असते, आणि तिथे तरी त्याला मागे वळून न बघता चालता आलं पाहिजे. थांबता आलं पाहिजे, चपलेचा पट्टा लावायला वाकता आलं पाहिजे. 'मी सरळ रेषेत चालेन' असं कुणाला लिहून दिलेलं नाही.

सातशे मीटर सायकल हातात धरून चालायला आठ-नऊ मिनिटं लागतात. चालवत नेली तर तीन. म्हणजे सगळा वाद साडेपाच मिनिटांचा आहे. साडेपाच मिनिटं लवकर निघ.

तिरकस
काकूंना इथे आयडी मिळवून द्या कुणीतरी. एका वाक्यात धागा संपवला त्यांनी.

ब्रेकफेल
पायवाट, साडेपाच मिनिटं एकवेळची. परतीची साडेपाच, असे महिन्याचे पंचवीस दिवस धरा. सायकलवाल्यालाच का सगळी दंडवसुली? ज्या रस्त्यावर मोटारींना तीन तीन पट्ट्या दिल्यात त्यातली अर्धी कुणी मागत नाही. आम्ही रस्त्यावर गेलो की मोटारवाले 'फुटपाथवर जा' म्हणून हॉर्न मारतात, फुटपाथवर आलो की तुम्ही. हवेत चालवायची का?

आणि चालणारे तरी कुठे साधे असतात! चौघे मित्र एका ओळीत हात पसरून बोलत जाणार, मधेच फोटो काढायला एकजण दोन पावलं मागे येणार. कुत्रं एका टोकाला, मालक दुसऱ्या टोकाला आणि मधे न दिसणारी दोरी. त्या दोरीत मी एकदा अडकलोय. कुत्रं बरं होतं, मालक चावायला आला.

निवांत
मालक चावायला आला :) :)

इतिहासाचा कीडा
हे भांडण सायकलीला पायंडल लागायच्या आधीपासूनचं आहे. खरंच. कार्ल ड्राइस याने १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये आपलं दोन चाकांचं लाकडी यंत्र चालवून दाखवलं. त्याला पायंडल नव्हतं, बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलायची. तेव्हाचे रस्ते म्हणजे गाड्यांच्या चाकोऱ्यांनी खणलेला चिखल. मग स्वार कुठे जाणार? गुळगुळीत फुटपाथवर. लोक वैतागले आणि मानहाइममध्ये त्याच वर्षी या यंत्राला फुटपाथवर बंदी आली. दोनशे वर्षांपूर्वीही कारण तेच: रस्ता वाईट, म्हणून चाक पायवाटेवर.

पायंडलं आली १८६० च्या दशकात. इंग्लंडमध्ये फुटपाथवर सायकल चालवायला आजही ज्या कायद्याने मनाई आहे तो 'हायवे ॲक्ट' १८३५ चा आहे. म्हणजे कायदा आधी जन्मला, सायकल नंतर. त्यात मुळात घोडे, गुरं आणि गाड्या फुटपाथवर आणू नका असं होतं. १८८८ मध्ये सायकलीलाही कायद्याने 'गाडी' ठरवलं आणि ती आपोआप त्या रांगेत जाऊन बसली.

तिरकस
एक शंका. ड्राइसच्या यंत्रावर माणूस पायानेच जमीन ढकलत होता ना? म्हणजे तो चालतच होता की! बसून.

इतिहासाचा कीडा
हा युक्तिवाद तेव्हा कुणी केला असता तर खटला रंगला असता.

अनुस्वार
अवांतर: 'फुटपाथ'ला 'पदपथ' हा चांगला शब्द आहे. आणि सायकलीची 'घंटी' की 'घंटा'?

तिरकस
शाळेत घंटा, सायकलला घंटी, आणि धाग्यावर अनुस्वार.

अनुस्वार
हलकं घेतलं. पण 'पायंडल'ला 'पेडल' म्हणणारे वाढलेत त्याचं काय?

गणिती
दोनचाकी, घंटी वाजवली तेव्हा वेग किती होता?

दोनचाकी
पंधराच्या आसपास. फोनवर दिसतो. अंतर चार, फार तर पाच मीटर.

गणिती
मग काकू दोषी नाहीत आणि घंटीही नाही. हिशेब बघा.

ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर. समोर काहीतरी अनपेक्षित घडलंय हे लक्षात येऊन बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो, तेवढ्यात चार मीटर गेले. मग साध्या कोरड्या जमिनीवर बऱ्या ब्रेकने थांबायला आणखी तीन. एकूण सात मीटर. तुम्ही चारवर होतात. म्हणजे घंटी वाजली त्या क्षणीच काकू आडव्या आल्या असत्या तर थांबणं शक्यच नव्हतं. कुंपण होतं म्हणून वाचलात.

दुसरी बाजू काकूंची. त्या ताशी पाचने चालल्या होत्या असं धरलं तर तुम्ही त्यांच्या दिशेने ताशी दहाने सरकत होतात, सेकंदाला २.८ मीटर. चार मीटर म्हणजे दीड सेकंद. त्या दीड सेकंदात त्यांनी आवाज ऐकायचा, तो कशाचा ते ओळखायचं, कुठून आला ते ठरवायचं, कुठे सरकायचं ते ठरवायचं आणि सरकायचं. शिवाय माणूस एका खांद्यावरून मागे बघतो तेव्हा पाऊलही थोडं त्याच बाजूला पडतं. डावीकडून आवाज आला, डावीकडे मान वळली, पाय त्याच बाजूला गेले. उडी नव्हती ती बहुतेक.

हेच ताशी १० ने असतात तर थांबायला चार मीटर पुरले असते. २५ ने असतात तर पंधरा लागले असते, आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १० च्या तुलनेत सव्वासहा पट. युरोपात विजेच्या सायकलीच्या मोटरची मदत नेमकी ताशी २५ ला बंद होते. रस्त्यावर तो वेग बरा आहे. फुटपाथवर तो मला भीतिदायक वाटतो.

दोनचाकी
हे असं मांडल्यावर कोपराचं खरचटणं जास्तच दुखायला लागलं.

सत्तरीतला तरुण
मी दोन्ही बाजूंचा आहे. सकाळी चालतो, संध्याकाळी सायकल काढतो. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

एक. वय वाढतं तसे कानातून आधी जातात ते बारीक, चिरके, उंच आवाज. सायकलची 'टिंग' नेमकी त्यातच बसते. मला मोटारीची घरघर लांबून कळते, पण घंटी अगदी पाठीशी आल्यावरच ऐकू येते, आणि तीसुद्धा अचानक. म्हणून दचकायला होतं. तरुणांना वाटतं म्हातारा मुद्दाम ऐकत नाही.

दोन. माझ्या वयात धक्का बसणं आणि पडणं यात फार अंतर नसतं. सायकल अंगाला लागायचीही गरज नाही. दचकून पाय मुरगळला आणि खुब्याचं हाड गेलं की पुढचं वर्ष गेलं. सायकलवाला तोवर पुढच्या चौकात असतो, त्याला वाटतं, 'हात, काहीच तर झालं नाही.' माझ्या एका मित्राचं असंच झालं. सायकलवाल्याला आजही पत्ता नसेल.

मी स्वतः सायकलवर असतो तेव्हा बोलतो. लांबूनच, खालच्या पट्टीत. माणसाचा आवाज ऐकला की माणूस दचकत नाही.

ब्रेकफेल
काका, ते मी करून बघितलंय. "डावीकडून येतोय" म्हटलं की लोक न चुकता डावीकडे सरकतात.

निवांत
+१. वाक्याचा पहिलाच शब्द ऐकतात आणि आज्ञाधारकपणे तिकडे जातात.

सत्तरीतला तरुण
म्हणून दिशा सांगायचीच नाही. मी फक्त "मागे सायकल आहे, सावकाश येतोय" म्हणतो. मग वाट बघतो. त्यांनी वळून बघितलं, आम्ही एकमेकांना पाहिलं, की पुढे जातो. कुठे सरकायचं ते त्यांचं ते बघतात.

शांतता
मला ऐकू येत नाही. जन्मापासून. घंटीही नाही आणि हाकही नाही.

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. सगळ्यांनी गृहीत धरलंय की आवाज केला म्हणजे समोरच्याला कळवून झालं. माझ्या मागे कितीतरी लोकांनी घंट्या वाजवल्या असतील, मला काय माहीत? मला फक्त शेवटचा भाग दिसतो: खांद्याजवळून सुसाट जाणारी सायकल आणि वळून वटारलेले डोळे. एकाने पुढे थांबून मला काय काय सुनावलं. ओठ वाचता येतात मला. त्याला वाटलं असेल येत नाहीत.

कानात काही अडकवून गाणी ऐकणाऱ्यांवर राग असतो सगळ्यांचा. ठीक. पण पाठमोऱ्या माणसाकडे बघून तो गाणी ऐकतोय की बहिरा आहे हे ओळखता येत नाही. समोरच्याने अजून प्रतिसाद दिला नाही म्हणजे त्याला तुम्ही आहात हे माहीतच नाही, एवढंच धरून चाला.

दोनचाकी
शांतता, हा विचार माझ्या मनातही आला नव्हता. मी चार-पाच वेळा घंटी वाजवून वैतागलेलोही आहे लोकांवर.

पांढरी काठी
आणि माझं बरोबर उलटं. मला दिसत नाही (फोन वाचून दाखवतो, बोलून लिहिते, चुका झाल्या तर सांभाळून घ्या). मला आवाज हवाच आहे! सगळ्यात धोकादायक सायकलवाला म्हणजे तो सभ्य माणूस, जो 'उगाच घाबरवायला नको' म्हणून गप्प बाजूने जातो. विजेच्या सायकलींचा तर श्वासही ऐकू येत नाही. चेन करकरणारी जुनी सायकल मला फार आवडते.

काठी मी डावी-उजवीकडे फिरवत चालते, म्हणजे माझी रुंदी तुम्हाला दिसते त्यापेक्षा जास्त आहे. एकदा काठीचं टोक चाकाच्या तारांत गेलं. काठी मोडली. तो पडला. त्याला दोष देत नाही, त्याला वाटलं असणार की पुरेशी जागा आहे.

फुटपाथवर ज्या उंचवट्याच्या फरश्या असतात, गोल ठिपके आणि लांब पट्ट्या, त्या बऱ्याच जणांना शोभेच्या वाटतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा इथे अंधांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. ठिपके म्हणजे थांब, पट्ट्या म्हणजे या दिशेने चाल. माझ्यासाठी ती अक्षरं आहेत. आणि भाड्याच्या सायकली लोक नेमक्या त्यावर उभ्या करून जातात. धावत्या सायकलीइतकाच उभ्या सायकलीचा त्रास आहे, तिला तर घंटीही नसते.

तिरकस
आज पहिल्यांदा माझ्याकडे विनोद नाहीये.

चौकस
सगळे चालणाऱ्यांच्या बाजूने बोलत आहेत, मी सायकलवाल्याच्या जिवाबद्दल बोलतो. दोनचाकी, तुम्ही फुटपाथवर सुरक्षित आहात हा समज तपासून बघा. मागून येणाऱ्या वाहनाची भीती तिथे नसते हे खरं. पण सायकल आणि मोटार यांच्या कितीतरी धडका चौकात आणि फाटकांपाशी होतात. इमारतीतून मोटार बाहेर काढणारा माणूस फुटपाथवर फार तर चालणारा येईल या हिशेबाने बघतो, ताशी पाचच्या हिशेबाने. तुम्ही पंधराने येता. तो बघतो तेव्हा तुम्ही झाडामागे असता.

अमेरिकेत पालो आल्टोमध्ये झालेला एक अभ्यास १९९४ मध्ये छापून आला होता. चौकातल्या धडकांचा धोका फुटपाथवरून येणाऱ्या सायकलस्वाराला रस्त्यावरून येणाऱ्याच्या १.८ पट निघाला. वाहतुकीच्या उलट दिशेने येणाऱ्याला सर्वांत वाईट. १९९६ चा फिनलंडचा अभ्यास तर गमतीशीर आहे: उजवीकडे वळणारे चालक डावीकडेच बघत राहतात, कारण तिथे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि मोटारी डावीकडून येतात. उजवीकडून सायकल आली तर ती त्यांना दिसतच नाही. डोळे तिकडे वळतच नाहीत.

ब्रेकफेल
पण तो धोका चौकातला. दोनचाकीच्या तुकड्यात किती फाटकं आहेत यावर ठरेल ना? आणि अवजड वाहनाखाली गेलेला माणूस अभ्यासाला उरत नाही.

चौकस
फाटकांचा मुद्दा मान्य. दोनचाकी, मोजून सांगा. अवजड वाहनांचाही मान्यच आहे, भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये. एवढंच की एक भीती दिसते आणि दुसरी दिसत नाही.

दोन पोरांची आई
मी कुठे जाऊ मग? मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. दोघांना सायकल हवी. रस्त्यावर सोडायचं म्हणजे माझाच जीव जाईल. पायवाट, तुमचा नियम सहा वर्षांच्या पोरालाही लागू का?

जर्मनीत आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी फुटपाथवरून (किंवा रस्त्यापासून वेगळ्या काढलेल्या सायकलवाटेवरून) सायकल चालवायची असा नियम आहे, दहापर्यंत चालवली तरी चालते. २०१६ पासून लहान मुलासोबतच्या मोठ्या माणसालाही फुटपाथवरून जायची मुभा मिळाली. त्याआधी मूल फुटपाथवर आणि आई रस्त्यावर अशी वरात असायची. जपानमध्ये सायकल मुळात रस्त्यावरची, पण तेरापेक्षा लहान आणि सत्तरीच्या पुढच्यांना फुटपाथ मोकळा आहे. न्यूयॉर्कमध्ये बारापर्यंतच्या मुलांना चालतं, तेही चाक सव्वीस इंचांपेक्षा लहान असेल तर.

सत्तरीतला तरुण
जपानला माझा नमस्कार कळवा.

पायवाट
मुलांना माझी हरकत नाही. सहा वर्षांचं मूल सायकलवर म्हणजे चाकं लावलेला पादचारीच. तो वाकडातिकडा येतो, पण धडकला तरी गुडघ्यापर्यंतच. माझं भांडण पंच्याऐंशी किलोच्या, घाईत असलेल्या माणसाशी आहे.

दोनचाकी
एकोणऐंशी किलो. घाईत, हो.

निवांत
'चालण्याच्या वेगाने चालवा' अशी पाटी कुठे कुठे असते. ती पाळून दाखवा कुणीतरी. मी प्रयत्न केला. सायकल अशी डुलते की माझी रुंदी दुप्पट होते. लोक घाबरून लांब पळतात. हळू चालवलं की जास्तच धोकादायक दिसतो मी.

गणिती
बरोबर आहे. सायकल तोल धरते ती चाकं पडत्या बाजूला वळवून, आणि वेग कमी झाला की त्यासाठी हँडल जास्त फिरवावं लागतं. ताशी सहा-सातच्या खाली नवखा माणूस नागमोडीच जातो. पण हे शिकता येतं. हलका गिअर, मागचा ब्रेक अगदी किंचित ओढून ठेवायचा आणि त्याच्याविरुद्ध पायंडल मारत राहायचं, नजर चाकावर नाही तर लांब. मोकळ्या मैदानात अर्धा तास सराव केला की येतं. नाही आलं तर एक पाय खाली टेकवायचा. त्यात कमीपणा नाही.

इतिहासाचा कीडा
म्हणजे पुन्हा ड्राइसचं यंत्र!

आखणी
उशिरा आले. माझं काम रस्त्यांच्या आराखड्यांचं आहे, म्हणून धागा वाचताना हात शिवशिवत होते.

तुम्ही सगळे एकमेकांशी भांडताय आणि ज्याने तो रस्ता आखला तो घरी झोपलाय. दोनचाकी आणि काकू दोघंही त्या दोन-अडीच मीटरच्या पट्टीवर आले कारण उरलेल्या रस्त्यात त्यांना जागाच ठेवली नाही. ज्यांना धोका जास्त आहे त्यांनाच एका बाकावर दाटीवाटीने बसवायचं आणि मग शिस्तीचे धडे द्यायचे, हा आमच्या व्यवसायाचा जुना दोष आहे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फुटपाथच्या मधोमध पांढरी रेघ मारून एका बाजूला सायकलचं चित्र काढणं. माझं स्पष्ट मत आहे की ही रेघ बहुतेक ठिकाणी काही नसण्यापेक्षा वाईट. चालणारा माणूस पायाखाली बघत नाही. अंध माणसाला रेघ लागत नाही. आणि सायकलवाल्याला मात्र ती 'माझी मालकी' वाटते, तो वेग वाढवतो. रेघेआधी जो तो बघून चालवत होता, रेघेनंतर हक्काने चालवतो. ब्रिटनमध्ये निदान सुरुवातीला उंचवट्याच्या पट्ट्या घालतात: सायकलच्या बाजूला जाण्याच्या दिशेने लांब, चालण्याच्या बाजूला शिडीसारख्या आडव्या. पायाला फरक कळतो, पण त्या लांब पट्ट्यांवर पावसात चाक घसरतं अशी सायकलवाल्यांची तक्रार असते.

जर्मनीत दोन वेगळ्या खुणा आहेत. २४० क्रमांकाच्या पाटीवर माणूस वर, सायकल खाली, मधे आडवी रेघ: एकच वाट, दोघांची. २४१ वर उभी रेघ: शेजारी शेजारी, पण वेगळ्या. तिसरा प्रकार म्हणजे फुटपाथची पाटी आणि खाली 'सायकलला मुभा'. तिथे सायकल पाहुणी, वेग चालण्याचा, आणि गरज पडली तर थांबायचं सायकलनेच.

पातळीतला फरक मात्र कामाला येतो. कोपनहेगनमध्ये सायकलची वाट रस्त्यापेक्षा एक कड उंच आणि फुटपाथ त्याहून आणखी एक कड उंच असतो. तीन पायऱ्या, तीन वेग. कुणाला पाटी वाचावी लागत नाही. अडतं ते बसथांब्यापाशी, कारण उतरणारा प्रवासी थेट सायकलच्या वाटेत पाय ठेवतो. तिथे थांबण्याचा वेगळा चौथरा करून सायकलची वाट त्याच्या मागून नेतात. त्यावरही पांढरी काठीसारख्या लोकांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे, कारण बसपर्यंत जायला त्यांना आवाज न करणाऱ्या सायकलींचा ओढा ओलांडावा लागतो.

पांढरी काठी
आवाज न करणाऱ्या सायकलींचा ओढा. हे मी वापरणार आहे पुढच्या सभेत.

ब्रेकफेल
आखणीताईंना उभं राहून टाळ्या. पण तो कोपनहेगनचा आराखडा होईपर्यंत आम्ही म्हातारे होऊ आणि मग आम्हालाही घंटी ऐकू येणार नाही.

आखणी
म्हणून दोनचाकीचा प्रश्न रास्त आहे. पुढच्या वर्षी काय व्हावं ते मी सांगितलं, उद्या सकाळी काय करायचं ते तुम्ही सगळे सांगताय.

चौकस
या निमित्ताने विजेच्या स्कूटरांवरही बोलायला हवं. पॅरिसमध्ये २०२३ मध्ये मतदान घेऊन भाड्याच्या स्कूटर बंद केल्या, फुटपाथवरचा उच्छाद हे त्यातलं एक कारण होतं...

पायवाट
वेगळा धागा काढा प्लीज. नाहीतर इथे तीनशे प्रतिसाद होतील आणि काकू राहतील बाजूला.

तिरकस
काकू बाजूलाच राहिल्या असत्या तर धागा कशाला आला असता?

निवांत
हा जमला.

दोनचाकी
तीन आठवड्यांनी परत आलोय. चौकस, फाटकं मोजली. नऊ. आणि त्यातली दोन मला तोवर माहीतच नव्हती, वेलींनी झाकलेली आहेत. तुमच्या मुद्द्याने माझी झोप उडवली.

काय काय करून बघितलं ते लिहितो. पहिला आठवडा पायवाट यांचं ऐकलं. साडेपाच मिनिटं लवकर निघालो आणि पूर्ण तुकडा सायकल हातात धरून चाललो. एक शोध लागला: हातात धरलेली सायकल चालवण्यापेक्षा जास्त जागा खाते. मी अधिक सायकल, दोघं शेजारी शेजारी. समोरून बाबागाडी आली की मलाच रस्त्यावर उतरावं लागायचं. तरी कुणी दचकलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात फुटपाथ रिकामा दिसला तरच बसायचं, वेग ताशी दहाच्या आत, प्रत्येक फाटकाशी जवळजवळ थांबायचं. पुढे माणूस दिसला की दहा-बारा मीटरवरून सत्तरीतला तरुण यांचं वाक्य. कुणी वळून बघितलं तर पुढे. नाही बघितलं तर शांतता यांना आठवून मागेच राहायचं, नाहीतर उतरायचं. घंटी वाजवतो अजून, पण आधी, लांबून, आणि 'सरका' म्हणून नाही. मी आलोय एवढंच कळावं म्हणून. पांढरी काठी, गप्प जाणं मी पूर्ण बंद केलं.

या सगळ्या धड्यात मला सगळ्यात अवघड गेलं ते मागे राहणं. समोर जागा दिसत असते. पायांना कळत नाही.

पायवाट
हातात धरलेल्या सायकलीची रुंदी हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तेवढा मागे घेतो. बाकी मत तेच: तू तिथे असूच नयेस. पण असशील तर असाच अस.

दोन पोरांची आई
काकू परत भेटल्या का?

दोनचाकी
एकदा. मी लांबून "मागे सायकल आहे, सावकाश येतोय" म्हटलं. त्यांनी वळून बघितलं, ओळखलं, आणि आहेत तिथेच थांबून मला पूर्ण पुढे जाईपर्यंत बघत राहिल्या. काही बोलल्या नाहीत. भरवसा बसलाय असं मुळीच वाटलं नाही.

सत्तरीतला तरुण
बसणार नाही इतक्यात. मीही थांबूनच बघितलं असतं.

तिरकस
आणि कुंपणाचं काय झालं?

दोनचाकी
कुंपण ठणठणीत. एक काटा अजून माझ्या कोपरात आहे.